लॅपटॉप घेताना पाठीवरचे स्क्रू बघा



बारावीचा निकाल लागला की आमच्या दारात दोन प्रकारची मुले येतात. एक, दाखल्यांचे कागद घेऊन येणारी. दुसरी, "काका, कोणत्या कंपनीचा लॅपटॉप चांगला?" असे विचारणारी. पहिल्यांची उत्तरे आम्हाला पाठ आहेत. वीस वर्षे कारकुनी केली ती काही उगाच नाही. दुसऱ्यांना मात्र आम्ही बरीच वर्षे "जरा नाव असलेल्या कंपनीचा घ्या" असे सांगून वेळ मारून नेत होतो. तो सल्ला चुकला. कसा चुकला आणि त्याचे पैसे कोणाच्या पदरातून गेले, ते आज सांगायचे आहे.

आमच्या शेजारच्या वहिनी एका खाजगी रुग्णालयात आया म्हणून काम करतात. मुलगी बी.एस्सी. आयटीला. जून २०२४ मध्ये प्रवेश झाला तेव्हा वहिनींनी बचत गटातून तीस हजार उचलले, साठवलेले बारा हजार त्यात घातले आणि बेचाळीस हजारांचा नवा कोरा लॅपटॉप घरी आणला. कंपनी मोठी. नाव घेतले तर तुम्हीही "अरे, ती तर चांगली" असेच म्हणाल. खरेदीला आम्ही सोबत होतो. रंग पाहिला, किती पातळ आहे ते पाहिले, दुकानदाराने फुकट दिलेली बॅग पाहिली. मशीन उलटे करून पाठ कोणीच पाहिली नाही. आम्हीही नाही.

कर्ज अठरा हप्त्यांचे होते. पहिला हप्ता जुलै २०२४ ला. पुढच्या वर्षी ऑगस्ट महिन्यात, चौदावा हप्ता भरून चार दिवस झाले असतील, मुलगी रात्री प्रोजेक्ट करीत असताना पडदा काळा झाला तो पुन्हा उजळलाच नाही. वॉरंटी एक वर्षाची. ती जूनमध्येच संपलेली.

वहिनी एक दिवसाचा खाडा करून सर्व्हिस सेंटरला गेल्या. आम्हीही अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तेथे टोकन मिळाले, गार हवा मिळाली, पाणीही मिळाले. तीन दिवसांनी फोन आला की मदरबोर्ड गेला आहे, सव्वीस हजार आठशे लागतील, वर जीएसटी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्यात दुसरं नाही का येणार?" आम्ही त्या काउंटरवरच्या मुलाला विचारले, बाबा, नेमके काय बिघडले? एखादा छोटा भाग बदलून चालेल का? तो बिचारा नोकरदार, त्याला जे शिकवले तेच तो बोलणार. म्हणाला, "बोर्ड एकच पीस येतो. रॅमपण त्यावरच आहे." म्हणजे प्रोसेसर, मेमरी सगळे एकाच पाटीवर डाख देऊन पक्के बसवलेले. एक मोडले की सगळे फेका. आणि त्या बदललेल्या बोर्डाची हमी किती? नव्वद दिवस.

आम्ही बी.कॉम. झालो आहोत, त्यामुळे घरी आल्यावर हिशेब मांडल्याशिवाय राहवले नाही. बेचाळीस हजार भागिले चौदा महिने. महिना तीन हजार रुपये. त्यावरचे बचत गटाचे व्याज वेगळे. एवढ्या भाड्यात आमच्या वस्तीत काही वर्षांपूर्वी खोली मिळत होती. आणि चार हप्ते अजून बाकी.

मुलीचे प्रोजेक्ट तेवढे वाचले. स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोराने पाठ उघडली, आतली एसएसडी म्हणजे साठवणीची पट्टी काढली, एका छोट्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि सगळ्या फायली पेनड्राइव्हवर दिल्या. पाचशे रुपये घेतले. ती एक पट्टी सुटी होती म्हणून हे जमले.

त्याच आठवड्यात आमचा भाचा घरी आला. हिंजवडीला एका संगणक कंपनीत आहे. आम्ही त्याला सगळी हकीकत सांगितली आणि तोच आपला जुना प्रश्न विचारला, मग कोणती कंपनी चांगली? तो हसला. म्हणाला, "मामा, कंपनी काय विचारता? मॉडेल विचारा." त्याने पाठीवरच्या पिशवीतून ऑफिसने दिलेला काळा लॅपटॉप काढला, आमच्या जेवणाच्या ताटाशेजारी उलटा ठेवला आणि म्हणाला, "हे स्क्रू मोजा."

ते मशीन पाहिल्यावर आम्हाला ओळख पटली. २००४ च्या सुमारास आमच्या कार्यालयात ऑडिट करायला येणाऱ्या मंडळींकडे असेच काळे, चौकोनी, जेवणाच्या डब्यासारखे मशीन असायचे. कळफलकाच्या मधोमध मसुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका. त्या काळी आम्ही नुकतेच एमएस-सीआयटी केलेले. त्या ठिपक्याला हात लावायचीही छाती नव्हती. हाच तो थिंकपॅड.

थिंकपॅड ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने बाजारात आणला. आयबीएमचे कर्मचारी खिशात छोटी टिपणवही बाळगत, तिच्यावर 'थिंक' म्हणजे 'विचार करा' असे छापलेले असे. त्यावरून हे नाव. आकार ठरवणारे रिचर्ड सॅपर हे जर्मन रचनाकार. त्यांच्या डोळ्यापुढे जपानी जेवणाचा डबा होता. आम्हाला डबा आठवला तो काही चुकीचा नव्हता तर! डिसेंबर १९९३ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी एन्डेव्हर यान गेले, त्यातही एक थिंकपॅड होता. पुढे मे २००५ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकांचा सगळा धंदा चीनच्या लेनोव्हो कंपनीला सुमारे सव्वा अब्ज डॉलरला विकला. पुढे काही वर्षांत मशीनवर नाव लेनोव्होचे आले.

आता आमच्या वाचकांना वाटेल, म्हणजे लेनोव्हो घ्यायचा का? नाही. गंमत तिथेच आहे. एकाच कंपनीच्या छपराखाली दोन वेगळी वाणे असतात. एक घरगुती गिऱ्हाइकासाठी, जे दुकानात काचेत चमकते. दुसरे मोठ्या कंपन्यांसाठी, जे हजारांच्या संख्येने एकदम खरेदी होते. लेनोव्होत घरगुती ते आयडियापॅड, कार्यालयीन ते थिंकपॅड. डेलमध्ये बरीच वर्षे इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड अशी जोडी होती, एचपीत पॅव्हिलियन आणि एलिटबुक. हजार मशीन घेणारा गिऱ्हाईक विचारतो, बिघडले तर किती वेळात उभे राहील? त्याला आपला कामगार दोन दिवस रिकामा बसलेला परवडत नाही. म्हणून त्याच्यासाठी उघडता येणारे मशीन बनते, आणि बऱ्याचदा इंजिनीअर दारात येणारी ऑनसाइट वॉरंटी मिळते. आपण एकच मशीन घेणार, तेही आयुष्यात एकदा. आपल्याला बॅग मिळते.

नाव एक असले तरी वागणूक कशी दोन, याचा एक दाखला जगजाहीर आहे. २०१४ च्या शेवटी आणि २०१५ च्या सुरुवातीला लेनोव्होच्या अनेक घरगुती मॉडेलमध्ये 'सुपरफिश' नावाचे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच घालून येत होते. त्यामुळे बँकेसारख्या सुरक्षित पानांची कुलूपव्यवस्थाही कच्ची होत होती. मोठा गदारोळ झाला, कंपनीला ते काढून टाकण्याचे साधन द्यावे लागले आणि २०१७ मध्ये अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली. त्या यादीत थिंकपॅड नव्हते.

पण थिंकपॅडवाले सगळे सुखी आहेत असेही समजू नका. भाचा आणि त्याचे सोबती जेवढी स्तुती करतात, तेवढीच कुरकुरही करतात. जुन्या मॉडेलमध्ये कंपनीच्या यादीबाहेरचे वायफाय कार्ड बसवले तर मशीन चालू होतानाच अडून बसायचे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रात आपलाच भाग चालत नाही, याचा जगभरच्या मालकांना राग होता. २०१३ च्या टी ४४० मध्ये लाल ठिपक्याजवळची तीन वेगळी बटणेच काढून टाकली. मालकांनी इतकी ओरड केली की २०१५ च्या टी ४५० मध्ये ती परत आली. मधल्या काळात कित्येकांनी नव्या मॉडेलचा टचपॅड विकत आणून जुन्यात स्वतः बसवला. यावरून त्यांची चिकाटीही दिसते आणि मशीन किती उघडण्याजोगे आहे तेही.

दुसरे दुखणे मोठे. २०१७ ते २०१९ च्या दरम्यानच्या अनेक थिंकपॅडमध्ये यूएसबी-सी खाचेमागच्या थंडरबोल्ट चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आत भरलेल्या सूचनांमध्ये, चूक होती. हळूहळू खाच मान टाकायची. यांतल्या टी ४८० सारख्या मॉडेलला चार्जिंगची वेगळी गोल पिन नाही, यूएसबी-सीतूनच चार्जिंग. म्हणजे खाच गेली की चार्जिंगही अडू शकते. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर काढले आणि ते तातडीने घाला असे सांगितले. ज्यांनी वेळेत घातले ते वाचले. काहींना बोर्ड बदलावा लागला. तेव्हा असे जुने मशीन घेतले तर पहिल्या दिवशी पहिले काम हेच.

आणि डाख देण्याचा रोग थिंकपॅडलाही लागला. पातळ मॉडेलमध्ये तो आधीपासून होता. २०१८ च्या टी ४८० मध्ये मेमरीच्या दोन खाचा होत्या, दोन्ही सुट्या. पुढच्याच वर्षीच्या टी ४९० मध्ये एक मेमरी बोर्डालाच चिकटवली आणि बाहेरून निघणारी बॅटरीही गेली. ओरड पुन्हा झाली. युरोप-अमेरिकेत दुरुस्तीच्या हक्काचे कायदे येऊ लागले, मग २०२४ मध्ये कंपनीने आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या संस्थेची मदत घेऊन टी १४ चे पाचवे रूप काढले. त्यात मेमरीच्या दोन सुट्या खाचा परत आल्या आणि त्या संस्थेने दुरुस्तीसाठी दहापैकी नऊ गुण दिले. गिऱ्हाईक बोलत राहिले म्हणून हे झाले, असे आमचे मत आहे. तुमचे वेगळे असू शकेल.

वहिनींचा प्रश्न मात्र साधा होता. "भाऊजी, माझ्याकडे भिशीचे वीस हजार येणार आहेत. त्यात काय ते सांगा."

वीस हजारांत नवे मशीन म्हणजे पुन्हा तेच रडगाणे. म्हणून आम्ही जुन्याचा विचार केला. जुने एवढे चांगले मशीन स्वस्तात का मिळते, याचे उत्तर आम्हाला आमच्याच जमाखर्चात सापडले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. आयकरात संगणकावर घसारा चाळीस टक्के. म्हणजे तीन-चार वर्षांत वहीत त्या मशीनची किंमत जवळजवळ उरत नाही, कंपनी ते गठ्ठ्याने विकून टाकते, आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या नेहरू प्लेसला किंवा बंगळुरूच्या एस. पी. रोडला येऊन पोचते. वहीत मेलेले, प्रत्यक्षात जिवंत. मात्र मेलेलेच जिवंत म्हणून विकणारेही तेथेच बसलेले असतात.

सप्टेंबरच्या एका शनिवारी आम्ही, वहिनी आणि मुलगी ग्रँट रोडला उतरलो. भाच्याने कागदावर लिहून दिले होते: थिंकपॅड टी ४८०, आठवी पिढी. त्याहून खाली यायचे नाही. कारण असे की विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि तसा तो संपलाही. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना वाढीव सुरक्षा मिळाली तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. कॉलेजचे काम विंडोजवर, मग खालची पिढी घेऊन काय करणार?

पहिल्या दुकानात हसतमुख तरुण होता. "साहेब, टी ४८० च आहे, बघा." मशीन तसेच काळे, तसाच ठिपका. मुलीने झाकण उघडून पडद्याच्या कोपऱ्यातले नाव वाचले. टी ४७०. दोन्ही मॉडेल दिसायला जुळ्या भावांसारखी. तो म्हणाला, "एकच आहे हो, विंडोज अकरा टाकून देतो." टाकता येते, हे खरे, पण मायक्रोसॉफ्टचा त्याला आधार नाही, पुढे अपडेट अडले तर तक्रार कोणाकडे करणार? मुलीने 'सिस्टिम'मध्ये जाऊन प्रोसेसरचा नंबर काढला. आय ५ च्या पुढचा आकडा ७ ने सुरू होत होता. या काळातल्या इंटेलमध्ये पिढी ओळखायची ती अशी: ७२०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी. पुष्कळ जण आय ५ आणि आय ७ यांतच फसतात. सहाव्या पिढीच्या आय ७ पेक्षा आठव्या पिढीचा आय ५ आपल्या उपयोगाचा. मग त्याने शेवटचे शस्त्र काढले: "बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वेगळे." आम्ही उठलो.

दुसऱ्या दुकानात वयस्कर गृहस्थ होते, बोलणे कमी. त्यांनी तीन टी ४८० पुढे ठेवले आणि म्हणाले, "तपासा." अर्धा तास आम्ही तेथे बसलो. पहिले मशीन चालू करून एफ १ दाबल्यावर पासवर्ड मागू लागले. हा जुन्या कंपनीने घातलेला मुख्य पासवर्ड. तो विसरला किंवा माहीत नसला तर कंपनीच्या नियमाप्रमाणे बोर्डच बदलावा लागतो. ते बाजूला. दुसऱ्याचा पडदा मुलीने वर-खाली कलवून पाहिला आणि म्हणाली, "काका, तिरकं बघितलं की अक्षरं पांढरी पडतात." हलक्या प्रतीचा पडदा. टी ४८० दोन-तीन प्रकारच्या पडद्यांत येत असे, १३६६ बाय ७६८ चा तो कमी प्रतीचा. १९२० बाय १०८० चा घ्यावा. तेही बाजूला. तिसऱ्याचा पडदा चांगला. खालच्या चिठ्ठीवरचा सीरियल नंबर मोबाईलवर कंपनीच्या संकेतस्थळावर घातला. मशीन मुळात कोणत्या साहित्यासह निघाले, वॉरंटी कधी संपली, सगळे समोर आले आणि दुकानदाराने सांगितलेल्याशी जुळले.

बॅटरी दोन. एक आत, एक बाहेर खटक्याने निघणारी. आतली २४ वॉट-तासांची. लेनोव्होच्या 'व्हँटेज' या सॉफ्टवेअरमध्ये पाहिले तर आता ती १६ पर्यंतच भरत होती. बाहेरची जवळजवळ गेलेली. ते गृहस्थ स्वतःच म्हणाले, "बाहेरची नवी देतो, पण कंपनीची नाही, दुसऱ्या बनावटीची आहे. फुगलेली दिसली तर लगेच काढून ठेवायची." असे आधीच सांगणारा माणूस आम्हाला बरा वाटला. मेमरी ८ जीबी, दुसरी खाच रिकामी. साडेएकोणीस हजारांत सौदा झाला. पक्के बिल, त्यावर सीरियल नंबर, आणि एक महिन्याची दुकानाची हमी, तीही बिलावर लिहून.

घरी आल्यावर मुलीने पहिल्याच रात्री थंडरबोल्टचे फर्मवेअर घातले. दोन महिन्यांनी आठ जीबीची आणखी एक मेमरी आणली. आम्ही म्हटले, दुकानात जाऊन बसवून घेऊ. ती म्हणाली, "काका, पुस्तक आहे की." कंपनी या मॉडेलची दुरुस्तीची सबंध पुस्तिका फुकट उपलब्ध करून देते, कोणता स्क्रू आधी, कोणता नंतर, चित्रांसह. तिने आधी बायॉसमध्ये जाऊन आतली बॅटरी बंद केली, बाहेरची काढली, साध्या फुलीच्या पेचकसाने स्क्रू सैल केले. ते स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. झाकण कडेने सोडवायला जुने रिचार्ज कार्ड वापरले. पट्टी खाचेत बसली तेव्हा टक् असा आवाज झाला. वहिनी कामावरून आल्या होत्या, दारातच उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तुला कोणी शिकवलं?"

मशीनमध्ये दोष नाहीत असे नाही. जाड आहे, जड आहे, पंखा उन्हाळ्यात आवाज करतो, आवाजाचा स्पीकर तर अगदीच पडेल. आतली बॅटरी यंदा बदलावी लागेल असे दिसते.

आता त्या मेलेल्या मशीनचे. वॉरंटी संपली म्हणून आपण गप्प बसावे असे नाही. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर तक्रार केली. तेथे मराठीत बोलता येते. हे न्यायालय नव्हे, ते तक्रार कंपनीपुढे ठेवतात आणि तडजोड घडवू पाहतात. पंधरा दिवसांत कंपनीचा फोन आला की बोर्डावर पन्नास टक्के सवलत देऊ. ज्या सर्व्हिस सेंटरने आमच्याशी एक वाक्य जास्त बोलायला नको म्हटले होते, तेथूनच हा आवाज आला! पण सवलत धरूनही तेरा हजार चारशे, वर जीएसटी, आणि हमी नव्वदच दिवसांची. वहिनींनी नको म्हटले. आम्हाला वाटत होते की जिल्हा ग्राहक आयोगात जावे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. पण त्यासाठी बिघाड कशामुळे झाला याचा कागद हाती हवा, आणि सर्व्हिस सेंटरने दिलेल्या पावतीवर 'नो पॉवर' एवढेच दोन शब्द. आमची चूक अशी की जॉबशीटवर नेमका दोष लिहून मागितला नाही, आणि मशीन तपासून झाल्यावर दिलेला अंदाजही फोनवरच ऐकून घेतला. वीस वर्षे दुसऱ्यांना "लेखी घ्या" सांगत आलो. स्वतःवर वेळ आली तेव्हा गार हवेत बसून राहिलो. वहिनी अजून मनावर घेत असतील तर मुदत शिल्लक आहे. आम्ही त्यांच्या मागे लागलो आहोत. त्या म्हणतात, "आणखी खाडे कोण भरून देणार?" याला आमच्यापाशी उत्तर नाही.

एक गोष्ट राहिली. विहाराशेजारच्या अभ्यासिकेत सहाव्या-सातव्या पिढीची दोन जुनी मशीन आहेत. त्यांवर आम्ही विंडोजचा नाद सोडून लिनक्स घातले. मराठी टंकलेखन, इंटरनेट, अर्ज भरणे, स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ, सगळे चालते. ज्यांना कॉलेजच्या सॉफ्टवेअरची सक्ती नाही त्यांनी स्वस्तातल्या मशीनला एकदम नाके मुरडू नयेत.

वहिनींचा शेवटचा हप्ता डिसेंबर २०२५ मध्ये फिटला. बंद लॅपटॉप कपाटावर त्याच बॅगेत आहे.

दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही अभ्यासिकेत असतो, आता ही मुलगीही असते. लॅपटॉप घ्यायचा असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी यावे, दुकानदाराकडून मॉडेलचा आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून आणावा. ज्यांचे घेऊन झाले आहे आणि बिघडले आहे त्यांनी बिल, वॉरंटीचा कागद आणि जॉबशीट घेऊन यावे. पेचकस आमच्याकडे आहे.